‘शक्यता आहे’ म्हणजे नक्की काय, डॉक्टर?

‘बायपोलर’ हा शब्द ऑफिसात आठवड्यातून किती वेळा कानावर पडतो, जरा मोजून बघा. सकाळी गोड बोलून संध्याकाळी झापणारा मॅनेजर बायपोलर. एकाच दुपारी ऊन आणि पाऊस दोन्ही दाखवणारं पुण्याचं हवामान बायपोलर. शेअर बाजार तर काय, जन्मजात! शब्द एवढा स्वस्त झालाय की कुणी दचकतही नाही. मात्र तोच शब्द स्वतःच्या केसपेपरवर दिसला की काय होतं, ते मला यंदा फेब्रुवारीत कळलं. तोही धड नव्हता, आधी एक प्रश्नचिन्ह आणि मग ‘बायपोलर टू’. डॉक्टरांच्या लिखाणात प्रश्नचिन्ह शब्दाच्या आधी येतं बरं का. शाळेत असं लिहिलं असतं तर बाईंनी लाल पेन चालवलं असतं.

तर मी, वय वर्षं २९, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी, मूळची वर्ध्याची पोरगी. दोन वर्षांपूर्वी पुण्यात मला ‘डिप्रेशन’ हे लेबल मिळालं होतं. खरं सांगू? त्या लेबलशी माझी दोस्ती झाली होती. २०१५ मध्ये दीपिका पदुकोण टीव्हीवर स्वतःच्या डिप्रेशनबद्दल मोकळेपणानं बोलली, तेव्हापासून हा आजार निदान कॉफी टेबलवर उच्चारण्याजोगा तरी झाला. डिप्रेशन म्हटलं की लोक ‘टेक केअर’ म्हणतात, एखादी मैत्रीण योगा क्लासचा नंबर देते. बायपोलर म्हटलं की समोरच्याची खुर्ची इंचभर मागे सरकते. आजाराआजारांतही सोशल स्टेटस असतंच की!

अकरा दिवसांची राणी

आता ते प्रश्नचिन्ह आलं कुठून ते सांगते. गेल्या दिवाळीनंतरचे अकरा दिवस. रिलीज तोंडावर आलेला. मी रात्री अडीचला झोपायचे आणि साडेपाचला टक्क जागी. डोळे चुरचुरत नव्हते, जांभईसुद्धा नाही. तीन जणांचं काम एकटीनं उरकलं. क्लायंट कॉलवर असं काही बोलले की अमेरिकेतल्या मॅनेजरनं सगळ्या टीमला कॉपीत ठेवून कौतुकाचा मेल टाकला. पहाटे चारला फ्लॅटमेटला उठवून वर्ध्याचा गोरसपाक जगभर विकायचा बिझनेस प्लॅन ऐकवला. पंचवीस स्लाइड्स, यार! एका बैठकीत क्रेडिट कार्डवर दोन सायकली घेतल्या, एक मला आणि एक गुडघेदुखीवाल्या बाबांना. डोक्यात विचार असे धावत होते की एक वाक्य संपायच्या आत पुढची तीन दारात उभी.

मग लोडशेडिंग व्हावं तसं झालं. विदर्भात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, पंखा गरगरत असतो आणि एकदम सगळं घर गप्प. पुढचे सहा आठवडे मी कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा केल्या. दात घासायला उठणं हाच दिवसभराचा प्रोजेक्ट. शेवटी वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसनं वर्धा गाठलं.

हिंगणघाटला राहणारी ताई मला बघायला आली आणि तिनंच विषय काढला. “तुझं हे असं खाली जाणं आम्हाला माहीत आहे. पण त्याच्या आधीचं ते वर जाणं? इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरलाही असंच झालं होतं. गॅदरिंगच्या वेळी आठवडाभर झोपली नव्हतीस, आणि मग पूर्ण मे महिना भिंतीकडे तोंड.” मला तो आठवडा आयुष्यातला सगळ्यात भारी आठवडा म्हणून आठवत होता. ताईला तो वेगळाच आठवत होता.

आणि इथंच या आजाराची मेख आहे. खाली असताना माणूस डॉक्टरकडे जातो. वर असताना कशाला जाईल? छान तर चाललेलं असतं! त्यामुळे डॉक्टरच्या समोर कायम अर्धाच माणूस येतो. बायपोलर टू असणाऱ्या कितीतरी जणांना आधी वर्षानुवर्षं ‘डिप्रेशन’चीच चिठ्ठी मिळते ती यामुळे. यात कुणी डॉक्टर नालायक असतो असं नाही. वरच्या दिवसांची गोष्ट कुणी सांगितलीच नाही तर तो ऐकणार कुठून?

खादीतल्या मॅडम

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. ते सेवाग्राम झालं १९४० मध्ये. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी इथं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिचं कस्तुरबा हॉस्पिटल आमच्या पंचक्रोशीचं हक्काचं ठिकाण. दाढ दुखो नाहीतर बाळंतपण असो, ‘सेवाग्रामले ने’ हे वाक्य प्रत्येक घरात असतं. मात्र तिथल्या मानसोपचार विभागात जायचं म्हटलं की तेच वाक्य एकदम कुजबुजत बोललं जातं. कारण आमच्याकडे लहानपणापासून या विषयाचा एकच पत्ता ठाऊक, नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. त्याच्या चौकाला लोक आजही सर्रास ‘पागलखाना चौक’ म्हणतात. ऑटोवाल्याला दुसरं नाव सांगून बघा, तोच तुम्हाला करेक्ट करेल.

ओपीडीत खादीतल्या डॉक्टर मॅडमनी पाऊण तास प्रश्न विचारले. गंमत म्हणजे दुःखाबद्दलचे कमी आणि आनंदाबद्दलचेच जास्त. झोप कमी होऊनही थकवा आला नाही असं कधी झालंय का? किती दिवस? बोलणं वाढलं होतं का? पैसे उडाले? लोकांच्या लक्षात आलं का? मग ताईला बोलावलं आणि तेच प्रश्न पुन्हा. सलग किमान चार दिवस माणूस नेहमीपेक्षा स्पष्टपणे ‘चढा’ असेल, इतरांना ते जाणवलं असेल, पण काम ठप्प होण्याइतकं किंवा अ‍ॅडमिट करण्याइतकं प्रकरण गेलं नसेल, तर त्याला हायपोमेनिया म्हणतात. असा एखादा काळ आणि निदान दोन आठवड्यांचं घसघशीत डिप्रेशन, असं दोन्ही झालेलं असेल तर तो बायपोलर टू. आठवडाभर किंवा जास्त टिकणारा, संसार-नोकरी उधळून टाकणारा पूर्ण मेनिया असेल तर तो बायपोलर वन. पूर्वी सरसकट ‘मॅनिक डिप्रेशन’ म्हणायचे; अमेरिकन डॉक्टरांच्या मॅन्युअलनं १९८० मध्ये ‘बायपोलर’ नाव घेतलं आणि ‘टू’ची वेगळी नोंद केली ती १९९४ मध्ये. म्हणजे मला लागू होऊ शकणारा आजार कागदावर जवळपास माझ्याच पिढीचा!

“म्हणजे मला तो आहे?” मी विचारलं.

“शक्यता आहे,” मॅडम म्हणाल्या.

आणि बॉस, ‘शक्यता आहे’ हे किती भयंकर वाक्य आहे ते आयटीवाल्यांना सांगायला नको. बग आहे की नाही, सांगा ना! पण इथं रक्त तपासून ‘पॉझिटिव्ह’ छापून देणारी टेस्ट नाही. रक्त घेतलं ते थायरॉइडसाठी, कारण थायरॉइड बिघडलं की मूडही नाचतो. नोव्हेंबरमध्ये मी डिप्रेशनच्या गोळ्या घेत होते, तेव्हा ते अकरा दिवस गोळीनंच चढवले असण्याचीही शक्यता होती. अँटिडिप्रेसंटनं काही जणांचा लंबक थेट दुसऱ्या टोकाला जातो. सेकंड इयरला मात्र कुठलीच गोळी नव्हती, म्हणून प्रश्नचिन्ह खोडलंही जात नव्हतं. अटेन्शन डेफिसिट असलेली माणसंही अशीच धावत असतात, ते वेगळं. तर तीन महिने डायरी, जुनी गोळी मॅडमच्या देखरेखीखाली हळूहळू कमी, आणि मग बघू. (तुमच्यापैकी कुणी हे वाचून स्वतःच गोळी बंद करणार असेल तर प्लीज नको. एकदम बंद केलेल्या गोळ्या फार वाईट सूड उगवतात.)

मग ती कोण होती?

रात्री झोप लागेना. ‘मी वेडी आहे का’ हा प्रश्न मला तितकासा छळत नव्हता. छळत होती ती अकरा दिवसांची राणी. तो मेल, ती शाबासकी, प्रमोशनच्या यादीतलं नाव. माझ्यातलं जे सगळ्यात बेस्ट, ते लक्षण होतं? मग मी उरते कुठली, कॅमेरा बंद ठेवणारी? बरं करायचं म्हणजे माझ्यातलं नेमकं काय काढून टाकायचं?

पुढच्या व्हिजिटला हे विचारलं. मॅडमनी उत्तर न देता उलट विचारलं, “त्या अकरा दिवसांत लिहिलेल्या टेस्ट केसेस नंतर वापरल्या?” मी पुण्यातल्या सहकाऱ्याला फोन केला. निम्म्याहून जास्त परत लिहाव्या लागल्या होत्या, तो बिचारा आजवर संकोचानं बोलला नव्हता. मात्र निम्म्यापेक्षा कमी का होईना, पण काही खरंच झकास होत्या. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण दोन्ही बाजूंनी फसवणूक चालते. एक बाजू म्हणते, आजार म्हणजे छुपी प्रतिभा. दुसरी म्हणते, ते सगळं खोटंच होतं. जॉन्स हॉपकिन्समधल्या मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन यांनी १९९५ मध्ये स्वतःच्या बायपोलरवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही वरच्या दिवसांची ओढ लपवलेली नाही. ‘सोड’ म्हणणाऱ्यांनी निदान हे तरी समजून घ्यावं की सोडायला जे सांगितलं जातंय ते गोड आहे.

आपल्याकडे सिनेमानं थोडी वाट केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) अतुल कुलकर्णीनं स्किझोफ्रेनिया दाखवला, त्याच जोडीच्या डिप्रेशनवरच्या ‘कासव’ला २०१७ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. हॉलिवूडची कॅथरीन झेटा-जोन्स २०११ मध्ये ‘मला बायपोलर टू आहे’ असं जाहीरपणे म्हणाली. वर्ध्याच्या पोरीला झेटा-जोन्सची सोबत... चला, काहीतरी ग्लॅमर!

नाना आणि पोळा

घरी काय झालं ते ऐका. आजीनं डॉक्टरच्या आधीच निदान करून ठेवलं होतं. “झोपत नाही वं हे पोरगी रातभर. डोक्स्याले आराम नाही, त मंग फिरनच ना!” आम्ही हसलो, पण मॅडम हसल्या नाहीत. झोप बिघडणं हे या आजारात नुसतं लक्षण नाही, ठिणगीही असते. नाइट शिफ्ट, रात्री दोनचे क्लायंट कॉल, रिलीजच्या जागरणांची मर्दुमकी, हे सगळं आपल्या इंडस्ट्रीचं रोजचं खाणं, आणि ज्याचा कल आहे त्याच्यासाठी नेमकं पेट्रोल. एकाच वेळी झोपणं-उठणं, जेवणाच्या वेळा ठरलेल्या, यावर चक्क एक थेरपी उभी आहे. आजी फी घेत नाही इतकंच.

मामांचं वेगळं. “तुमचा पगार एक तारखेले खात्यात पडते. कापसाचा भाव पाहून झोपा लागते का तुले? कायचं डिप्रेशन?” मामांवर चिडणं सोपं आहे. पण २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आलं त्यांत वर्धा होता. शेतकऱ्यांसाठी गावोगाव समुपदेशन करणारा सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५ मध्ये निघाला, त्यातही वर्धा आहे. आमच्याकडे टेन्शन या शब्दाचा अर्थ कर्ज, बोंडअळी आणि बँकेची नोटीस. अशा ठिकाणी एसीत बसणाऱ्या मुलीनं मनाच्या आजाराचं नाव घेणं म्हणजे लाइन मोडून पुढे घुसल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं. पण मॅडमच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी टोपीवाले काका बसले होते, पलीकडे कॉलेजचं पोरगं. केसपेपर सगळ्यांचे सारखेच.

बाबा मात्र आठ दिवस गप्प. मॅडमनी ‘रक्ताच्या नात्यात कुणाला?’ विचारलं होतं तेव्हाही गप्प. मग एका संध्याकाळी अंगणात बसून त्यांनी नानांची गोष्ट काढली. नाना म्हणजे बाबांचे काका, देवळीकडे शेती. एका वर्षी नानांनी महिनाभरात विहीर खणायला काढली, दोन बैलजोड्या घेतल्या, गावजेवण घातलं, रात्ररात्र भजनं म्हटली. आणि त्याच वर्षी पोळ्याला बैल सजवायला ते उठलेच नाहीत. पोळ्याला! वर्‍हाडातला शेतकरी तापानं फणफणला तरी पोळ्याला उठतो. गावानं नानांना ‘लहरी’ ठरवलं. मुलांना सांगितलं, नानांच्या नादी लागू नका. बाबा म्हणाले, “तू ते सायकली घेतल्या ना, मला विहीर आठवली.”

घराण्यात कुणाला असला म्हणून आपल्याला होतोच असं नाही, शक्यता वाढते एवढंच. पण मला त्या रात्री पहिल्यांदा बरी झोप लागली. ‘लहरी’ या शब्दाखाली एक आख्खा माणूस पन्नास वर्षं दबून होता.

सेवाग्राम आश्रमात गेलात तर परचुरे शास्त्रींची कुटी बघा. संस्कृतचे पंडित, कुष्ठरोग झालेला. १९३९ मध्ये ते आश्रमात आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या जवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातानं त्यांना मालीश करत राहिले. जवळच्याच दत्तपूरला मनोहर दिवाण १९३६ पासून कुष्ठधाम चालवत होते. त्या काळी आजाराचं नाव कळलं की घर सुटायचं. आज तो आजार गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. माझा ‘शक्यतेतला’ आजार तसा पूर्ण बरा होणाऱ्यातला नाही, मधुमेहासारखा सांभाळायचा आहे. म्हणून तुलना फार ताणत नाही. पण आश्रमातून परत येताना बसमध्ये मी ते कागदावरचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारून पाहिलं. कंडक्टरनं वळून बघितलं, बस्स.

मीठ, ऊन आणि मे महिना

निदान पक्कं झालं तर पुढे काय, हेही विचारून घेतलं. सगळ्यात जुनं आणि अजूनही दमदार औषध म्हणजे लिथियम. हो, मोबाइलच्या बॅटरीतलंच. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरनं १९४९ मध्ये त्याचा मेनियावरचा परिणाम जगासमोर मांडला. ना कुठल्या कंपनीचा शोध, ना पेटंट, साधा क्षार. आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचं नाव आजही वर आहे. पण नखरे भरपूर. रक्तातली पातळी नेमकी ठेवावी लागते, त्यासाठी वरचेवर रक्त तपासायचं, किडनी आणि थायरॉइडवर लक्ष. अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते आणि विषबाधा होऊ शकते. आता सांगा, वर्ध्याचा मे महिना! पारा पंचेचाळीसच्या पुढे, लग्नाच्या वराती भर दुपारी. शिवाय डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन टाकलं तर तेही पातळी वाढवतं. दुसरे पर्यायही आहेत. लॅमोट्रिजिनचा डोस अगदी मुंगीच्या पावलांनी वाढवायचा, अंगावर पुरळ आलं तर ताबडतोब डॉक्टर. व्हॅल्प्रोएट आई होऊ शकणाऱ्या वयातल्या मुलींना शक्यतो देत नाहीत, बाळाला धोका असतो. हे आपण विचारायचं असतं, लाजायचं नाही.

आणि हो, लग्न. घरात एक स्थळ आलेलं होतं, अमरावतीचं. आईचा पहिला प्रश्न तोच, “त्यांना काय सांगून राहिलो आपण?” दुसरा, आणखी हळू आवाजात, “सांगायलाच पाहिजे का? अजून नक्की कुठं आहे?” आईला खलनायिका करू नका, तिला मुलीचं दार बंद होताना दिसत होतं. मी कायदा चाळला. महत्त्वाची गोष्ट लपवून केलेल्या लग्नाला हिंदू विवाह कायद्याखाली फसवणूक म्हणून आव्हान देता येतं. उलट नुसतं आजाराचं नाव दाखवून घटस्फोट मिळत नाही. आजार कितपत आहे ते बघावं लागतं, असं सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्येच म्हटलं. मी मुलाला फोन करून सांगितलं. सगळं, प्रश्नचिन्हासकट. तो म्हणाला, “थोडा वेळ दे.” तीन आठवडे झाले. वेळ चालू आहे. आई फोन वाजला की माझ्याआधी उचलते.

ऑफिसात मात्र मी फक्त एचआरला ‘उपचार चालू आहेत, नाइट कॉल नकोत’ इतकंच कळवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, तो वापरायला काय हरकत? त्याच कायद्यामुळे विमा कंपन्यांनी मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरायचे आहेत, विमा नियामकानं २०१८ मध्ये तसं बजावलंही. तरी आपली पॉलिसी उघडून बघा, ओपीडीचा खर्च बहुतेक ग्रुप पॉलिसींत बसत नाही. आणि रात्री तीनला डोक्यात नको ते विचार आले तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीतही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत घरोघर विचारलं, तेव्हा बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचारांबाहेर होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आमच्या नानांसारख्यांची मोजदाद तेव्हाही राहूनच गेली.

डायरीचं म्हणाल तर ती चालू आहे. चार रकाने: झोप, मूड (उणे पाच ते अधिक पाच), गोळी, खर्च. पाचवा रकाना आईनं स्वतःहून पट्टी घेऊन आखलाय, ‘जेवली का’, आणि तो तीच भरते. पुढची तारीख अजून पाच आठवड्यांनी. बाबांची सायकल परत करायची मुदत कधीच संपली, ती अंगणात उभी आहे, त्यावर आजी पापड वाळवते. कालची नोंद: झोप सहा तास चाळीस मिनिटं, मूड शून्य, गोळी अर्धी, खर्च ४० रुपये, तर्री-पोहे.